हजेरी

कात्रजच्या चौकात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी सातला उभे राहा. पावसाला नुकती सुरुवात झाली आहे. स्वारगेटच्या बसमागे माणसं धावतायत, डेअरीतून दुधाच्या गाड्या बाहेर पडतायत, कोंढव्याच्या अंगानं ट्रकांची रांग लागली आहे. हा चौक तुम्हाला पाठ आहे. पण आज सातारा रस्त्यानं घाट उतरून आलेल्या त्या जीपकडे जरा नीट बघा. मागे दहा-बारा मुलं दाटीवाटीनं बसली आहेत. प्रत्येकाच्या मांडीवर पत्र्याची पेटी. कुणीच बोलत नाही.

ही मुलं भोरकडून आणि वेल्ह्याकडून, म्हणजे आता कागदोपत्री राजगड झालेल्या तालुक्यातून निघाली आहेत. त्यांना पुणं ओलांडून पार उत्तरेला, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातल्या आश्रमशाळेत जायचं आहे. पुणे जिल्ह्याचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे आणि जिल्ह्यातल्या आश्रमशाळाही बहुतेक त्याच अंगाला आहेत. त्यामुळे दक्षिणेकडच्या कातकरी पोराला शाळेत पोचायला अख्खं शहर ओलांडावं लागतं, आणि शहराची सुरुवात त्याच्यासाठी इथून होते.

जीपचा मागचा दरवाजा उघडा आहे. चढा. पाय आत टाकाल तोवर तुमचं वय, तुमचा हुद्दा, खिशातला मोबाईल, सगळं मागे चौकात राहील. बसाल तेव्हा तू सात वर्षांचा असशील आणि साल असेल २००१.

तुझं नाव बुध्या. बुधवारी जन्मलास म्हणून. तुझी वाडी एका ओढ्याच्या काठाला आहे, गावापासून थोडी लांब. कुडाच्या भिंतींची पंधरा-वीस खोपटं, आणि खालची जमीन दुसऱ्याच्या नावावर. आई-बाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मालकाची उचल फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या हंगामाच्या हिशेबात जाते. तू बहुतेक आजीजवळ वाढलास. कुठल्या दगडाखाली खेकडा असतो आणि कुठल्या दगडाखाली हात घालायचा नाही, हे तुला कळतं. गलोलीचा नेम तुझा चुकत नाही. कडू कंद राखेत उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवला की खाण्याजोगा होतो, हे तू आजीच्या हाताखाली शिकलास. हे सगळं तुला ज्या भाषेत येतं, ती फक्त वाडीत बोलली जाते. गावात गेलं की तुझा बापही ती बोलत नाही. तिथे तो मुळात कमीच बोलतो.

बापानं तुला जीपमध्ये बसवलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते, हे तू पाहिलं आहेस. तुला जबरदस्तीनं कुणी नेलेलं नाही, हे आधीच सांगायला हवं. पोलीस आला नव्हता, साहेब आला नव्हता. शाळेत दोन वेळा जेवण आहे, कपडे आहेत, पोरगं भट्टीवर विटा थापायला लागणार नाही, एवढा साधा हिशेब बापानं केला. तो हिशेब चुकीचा नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तुला धाडलं असतं.

गाडी घाट चढते. बोगद्याच्या तोंडाशी तू पेटी घट्ट धरतोस. पलीकडे बाहेर पडता आणि खाली हे शहर पसरलेलं दिसतं. एवढी घरं तू कधी एका जागी पाहिलेली नाहीस. कात्रजला गाडी थांबते, मास्तर चहा पितात, तू मुतायला उतरतोस. चौकात तुझ्याच वयाचा एक मुलगा पांढऱ्या शर्टात आईचं बोट धरून उभा आहे. त्याची शाळा सकाळी सुरू होते आणि दुपारी सुटते. तुझी दिवाळीत सुटेल.

शाळेत पोचल्यावर पहिलं काम डोक्याचं. उवा असतात म्हणून सगळ्यांचेच केस उतरवतात. मग दाखला. टेबलामागचे गुरुजी वाईट नाहीत, दमलेले आहेत. सकाळपासून साठ-सत्तर नावं लिहून झाली आहेत. आडनाव? पवार. नाव? बुध्या. गुरुजी वर बघतात. हे काय नाव झालं? मोठेपणी नोकरीला लागलास तर लोक हसतील. विजय लिहू. जन्मतारीख तुझ्याबरोबर आलेल्या कुणालाच माहीत नाही, म्हणून एक जून. वर्गात गेल्यावर कळेल की जवळजवळ सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला असतो. महाराष्ट्रात हजारो माणसांच्या सेवापुस्तकात, आधार कार्डावर आजही ही तारीख आहे. ज्यांच्या घरी जन्म नोंदवण्याची रीत नव्हती त्यांना शाळेनं दिलेला तो सामायिक वाढदिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना गुरुजी तीन वेळा 'विजय पवार' म्हणतात आणि तू तिन्ही वेळा गप्प राहतोस, कारण तो कोण हे तुला माहीत नाही. चौथ्यांदा शेजारचा मुलगा कोपरखळी मारतो.

संध्याकाळी तुला ताप येतो. तू काहीतरी मागतोस. अधीक्षक लांबच्या जिल्ह्यातले आहेत. त्यांना पहिल्यांदा कळत नाही, दुसऱ्यांदा अर्धं कळतं. ते म्हणतात, 'नीट बोल.'

या दोन शब्दांपाशी तुला थोडा वेळ थांबवतो, कारण सगळी गोष्ट इथे आहे. तुझी भाषा मराठीच्या जवळची आहे. भामरागडच्या माडिया मुलानं तोंड उघडलं की गुरुजींना निदान एवढं तरी समजतं की ही वेगळी भाषा आहे, आपल्याला ती येत नाही. माडिया आणि गोंडी द्राविडी कुळातल्या, मराठीशी त्यांचा मेळ नाही. मेळघाटातली कोरकू तर मुंडा कुळातली. तुझं मात्र निम्मं कळतं. आणि जे निम्मं कळत नाही, ती चूक ठरते. तुझ्या क्रियापदांची रूपं म्हणजे बिघडलेली मराठी, तुझे उच्चार म्हणजे अशुद्ध उच्चार. परक्या भाषेला लोक दुभाषा शोधतात. तुझ्या भाषेवर लाल पेन चालतं. शाळेतली बाकीची मुलं बरीचशी महादेव कोळी आणि ठाकर आहेत, तीही आदिवासीच, पण तुझ्या बोलण्याला तीही हसतात. तू तुझ्यासारख्यांसाठी काढलेल्या शाळेतसुद्धा एकटा पडतोस.

दिवाळीपर्यंत तू गप्प राहायला शिकतोस. दुसरीत मराठी बोलायला लागतोस. आणि तिसरीच्या दिवाळीत घरी जातोस तेव्हा आजी तुला जवळ घेऊन काही विचारते आणि तू तिला म्हणतोस, 'असं नाही म्हणायचं, आजी.' तुला वाटतं, आपण तिला शिकवतोय. वाडीतले सगळे कौतुकानं हसतात. बाप तर सगळ्यांना बोलावून सांगतो की पोरगं शुद्ध बोलायला लागलं. त्या दिवसानंतर आजी तुझ्याशी कमी बोलते.

आता जानेवारी २००५. तू चौथीत आहेस आणि शाळेची सहल कात्रजला आली आहे. पेशवे पार्कातले प्राणी इथे आणून १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं. सर्पोद्यान त्याच्याही आधीपासून, १९८६ पासून इथे आहे. वाघ बघून झाला, हत्ती बघून झाला. सर्पोद्यानाशी येता आणि तुझी पावलं आपोआप पुढे पडतात. खड्ड्याच्या कठड्यावरून वाकून तू बघतोस. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा तुला इथलं सगळं ओळखीचं वाटतं. तो जाडसर, बदामी ठिपक्यांचा, सुस्त पडलेला. त्याच्या जवळ गेलं की तो आधी फुत्कारून सांगतो. तो काळा, पांढऱ्या बारीक पट्ट्यांचा. तो रात्री खोपटात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चावल्याचं दुखतही नाही, म्हणून तो जास्त वाईट. तुझ्या मामीला तोच चावला होता. पाण्यातला तो रागीट आहे पण बिनविषारी. त्याला तू हातानं धरला आहेस.

मार्गदर्शक मुलांना विचारतो, 'हा कोणता, सांगा?' कुणालाच येत नाही. तुला येतं. तू हात वर करतोस आणि तोंडातून जे पहिल्यांदा येतं ते नाव घेतोस. आजीनं सांगितलेलं, ओढ्याकाठी ऐकलेलं नाव. मुलं फिदीफिदी हसतात. मार्गदर्शक भला माणूस आहे, तोही हसतो आणि म्हणतो, 'घोणस, बाळा, घोणस.' गुरुजी म्हणतात, 'म्हण, घोणस.' तू म्हणतोस. पुढच्या खड्ड्याशी तो पुन्हा विचारतो. तू हात वर करत नाहीस. मण्यार, फुरसं, धामण, दिवड, यातला प्रत्येक साप तू ओळखतोस, तो कुठे बसतो, कधी बाहेर येतो, काय खातो, हे त्या फलकावर लिहिलंय त्याहून जास्त तुला ठाऊक आहे. पुण्याच्या शाळांतून आलेली शेकडो मुलं आज इथे आहेत. त्यांच्यात तुझ्याएवढी माहिती असलेलं एकही मूल बहुधा नसेल. बाहेर पडल्यावर तलावाच्या कडेला डबे उघडतात. गुरुजी सांगतात की हा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, इथलं पाणी दगडी नळांतून शनिवारवाड्यापर्यंत जात होतं. तू ते वहीत लिहून घेतोस. परीक्षेत येणार असतं. तुझ्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराज आहेत, राजगड आहे, तोरणा आहे. हे डोंगर तू रोज बघत वाढलास. पण त्या डोंगरांच्या पायथ्याशी तुझे लोक राहत होते आणि राहतात, असं पुस्तकात कुठे नाही.

तलावाच्या बांधावरून उठ. गाडी उभी आहे. पण या वेळी ती घोडेगावला जात नाही. दार उघडेल ते सोलापुरात, आणि साल असेल १९३२.

आता तू नऊ वर्षांची कैकाडी मुलगी आहेस. भोवती काटेरी तार आहे. या जागेला लोक 'सेटलमेंट' म्हणतात. सोलापूरकर आजही त्या भागाला त्याच नावानं ओळखतात. तुझ्या आईनं चोरी केलेली नाही, बापानंही नाही. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची सोय करून दिली, १९११ च्या कायद्यानं ती मुंबई इलाख्यातही पक्की केली, आणि तुमची जमात यादीत आली. बाप गिरणीत जातो तो दाखला घेऊन आणि परतल्यावर हजेरी देतो. टोपल्या विणत, गाढवं घेऊन गावोगाव फिरणारी माणसं तुम्ही. आता फिरणं हाच गुन्हा आहे.

घरात आई जी भाषा बोलते ती तमिळच्या कुळातली, बाहेरच्याला अवाक्षर कळत नाही. म्हणूनच सरकारला ती भाषा म्हणजे चोरांची सांकेतिक बोली वाटते. शाळा सक्तीची आहे. शाळेत प्रार्थना होते, पाढे होतात, मराठी अक्षरं गिरवावी लागतात. सोलापूरची ही वसाहत सरकारनं काही वर्षं अमेरिकन मराठी मिशनकडे चालवायला दिली होती. इतर काही वसाहती साल्व्हेशन आर्मीकडे होत्या. मुंबई इलाख्यातल्या या सगळ्या खात्याचे अधिकारी स्टार्ट साहेब मनापासून कामाचे गृहस्थ होते, त्यांना तुमचं भलं व्हावं असंच वाटत होतं. भलं म्हणजे काय, हे त्यांनी ठरवलं होतं.

रात्री मोठी माणसं कुजबुजतात ते तू ऐकतेस. १९२४ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात लिहिलं आहे की सरकारला वाटलं तर वसाहतीतल्या लोकांची सहा वर्षांवरची आणि अठरा वर्षांखालची मुलं आईबापांपासून वेगळी काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवता येतील. कलमाचा आकडा तुझ्या आईला माहीत नाही, पण अर्थ चांगलाच कळतो. म्हणून ती तुला सांगते: शाळेत आपलं काही बोलू नको. तुझी भाषा तुझ्याकडून कुणी हिसकावून घेतली नाही. आईनंच तुझ्या जिवाच्या भीतीनं ती तुझ्या तोंडातून काढून घेतली.

त्याच वर्षी समुद्रापलीकडे कॅनडात तुझ्याच वयाच्या एका क्री मुलीची वेणी कापली जाते आहे. तिथल्या कायद्यानं १९२० पासून सात ते पंधरा वर्षांच्या मूलनिवासी मुलांना शाळेत धाडणं सक्तीचं केलं; चर्चच्या निवासी शाळांत मिळून सुमारे दीड लाख मुलं गेली, हजारो परत आली नाहीत, आणि शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चं दशक संपत आलं. २०१५ मध्ये तिथल्या सत्य आणि समेट आयोगानं या सगळ्याला सांस्कृतिक नरसंहार म्हटलं. सरकारनं २००८ मध्ये संसदेत माफी मागितली होती. आपल्याकडचा कायदा मुंबई प्रांतात १९४९ ला रद्द झाला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. तारा निघाल्या. आईनं दिलेली गप्प राहण्याची शिकवण मात्र लेकीकडून नातीकडे गेली.

मी आश्रमशाळेला कॅनडाच्या शाळेच्या ओळीत बसवत नाही. तसं करणं खोटं होईल आणि ज्यांनी या शाळांत आयुष्य घातलं त्यांच्यावर अन्याय होईल. आदिवासी आश्रमशाळेची कल्पना ठक्करबाप्पांच्या भिल्ल सेवा मंडळाची, १९२२ ची, दाहोदची. दुष्काळात उपाशी मरणारी माणसं पाहून सुचलेली. १९४१ मध्ये तू पुण्यात, गोखले इन्स्टिट्यूटमध्ये मागच्या बाकावर बसू शकतेस. ठक्करबाप्पा तिथे काळे स्मृती व्याख्यान द्यायला आले आहेत, विषय आदिवासींचा प्रश्न. आदिवासींना वेगळं, अलग ठेवू नये, बाकी समाजाच्या बरोबरीनं आणावं, ही त्यांची बाजू. दुसऱ्या बाजूला व्हेरिअर एल्विन, जो १९२७ मध्ये पुण्यातच ख्रिस्त सेवा संघात येऊन उतरला आणि पुढे गोंडांमध्ये जाऊन राहिला. त्याला आदिवासींची संस्कृती बाहेरच्यांच्या रेट्यापासून जपायची होती. वाद मोठा झाला आणि देशानं ठक्करबाप्पांची वाट धरली. महाराष्ट्रात १९७२-७३ पासून सरकारनं स्वतः आश्रमशाळा काढल्या. आज सरकारी सुमारे पाचशे, आणि संस्थांच्या अनुदानित साडेपाचशेच्या आसपास. या शाळांतून डॉक्टर झाले, तहसीलदार झाले, प्राध्यापक झाले. हे खरं आहे. या शाळांत साप चावून, ताप अंगावर काढून इतकी मुलं दगावली की २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीला त्या मृत्यूंवर अहवाल द्यावा लागला, हेही खरं आहे.

दुसरी वाट नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. १९४५ मध्ये बोर्डीला ये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलंय. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर जाईल. तू वारली पोर आहेस आणि गुरं राखतेस, म्हणून शाळेत येत नाहीस. तर बाई तुला ओढून नेत नाहीत. त्याच कुरणात येतात. गुरं चरतायत, झाडाखाली शाळा भरली आहे. धाकट्या भावंडांसाठी अंगणात शाळा भरते, 'अंगणवाडी' तिथलीच. मोजायला चिंचोके आहेत, पानं आहेत, शिंपले आहेत. संध्याकाळी तू घरी जातेस. आईशी त्याच भाषेत भांडतेस. शिकलीस आणि घरचीही राहिलीस. हा प्रयोग देशभर वाखाणला गेला, त्यातली अंगणवाडी सगळीकडे पसरली. मुलाचं घर न तोडता शिकवण्याचा त्यामागचा विचार मागेच राहिला. नंतरही तो विचार अधूनमधून कुणीतरी उचलला. विवेक पंडितांच्या संस्थेनं वसईकडच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा भरवल्या. नर्मदेच्या खोऱ्यात नव्वदीच्या सुरुवातीला जीवनशाळा निघाल्या, गावातलेच तरुण गुरुजी झाले आणि पहिले धडे पावरी-भिलालीत झाले. गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिच्या नावातच गोटुल, म्हणजे गोंडांचं परंपरागत युवागृह, आहे. शिक्षण खात्यानं तिला अनधिकृत ठरवून दंडाची नोटीस दिली. राज्यघटनेचं कलम ३५० अ सांगतं की अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी. ती सोय गावानं स्वतः केली, तर दंड. ग्रामसभेला उच्च न्यायालयात जावं लागलं.

गाडी परत फिरते आहे. आता तू पुन्हा विजय पवार. साल २०१३. बारावी झाली, भरतीच्या परीक्षा देतो आहेस, कात्रजला आंबेगाव खुर्दच्या चढावर चौघांत एक खोली आहे. आजी गेल्याचा फोन येतो. वाडीवर पोचतोस. रात्री बायका तिच्यासाठी गातात. तिच्या आयुष्यातलं एकेक काम गाण्यात येतं, कुठला डोंगर, कुठला ओढा, कुठला कंद. भोवतालचे सगळे मान हलवतायत. तुला सूर कळतो, मधले मधले शब्द कळतात. बाकीचं शेजारच्या चुलतभावाला विचारावं लागतं. तो भट्टीवर वाढला, शाळेत गेलाच नाही, त्याला सही करता येत नाही. त्याला सगळं कळतं.

दोघांपैकी एकालाही दोन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत. त्या दोन्ही एका मुलाला देणं अशक्य नव्हतं. आम्ही तसा प्रयत्नच केला नाही.

उतरा. चौक तोच आहे. वय, हुद्दा, मोबाईल परत घ्या. जीप पुढे गेली आहे, पण तिच्यामागून एक मोठी बस येते आहे, शाळेचं नाव इंग्रजीत लिहिलेली. तिच्यातही आदिवासी मुलं आहेत. २०१०-११ पासून सरकार आदिवासी मुलांना शहरातल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवतं, पहिलीपासून. वय सहा. फी सरकार भरतं. आईबाप याही वेळी आनंदानं धाडतात, आणि याही वेळी त्यांचा हिशेब चुकीचा नाही. फक्त आता मुलाला घरची भाषा सोडून मराठी नव्हे, दोन्ही सोडून इंग्रजी धरायची आहे. हे समजायला तुम्हाला वाडीवर जायची गरज नाही. तुमच्या नातवाला 'एकोणसाठ' म्हणजे किती हे कळत नाही, तेव्हा तुम्हाला काय होतं ते आठवा. तो तर संध्याकाळी घरी येतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं पहिलीपासून हिंदीचा आदेश काढला आणि महाराष्ट्र उठला. सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नका, लहान मूल आपल्याच भाषेत शिकतं, असं आपण सगळ्यांनी सांगितलं. २९ जूनला आदेश मागे घ्यावा लागला. मीही त्या बाजूनं होतो, आजही आहे. पण त्या सभांमध्ये मांडलेला प्रत्येक मुद्दा कातकरी, वारली, कोरकू, माडिया मुलालाही लागू होतो, आणि त्याच्यापुढे परकी भाषा म्हणून उभी असते ती आपली मराठी. तिला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. मोठ्या भाषेनं धाकटीला वर्गात बसू द्यावं. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात शक्य तिथे मातृभाषेत शिकवा असं लिहिलेलंच आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात त्याच वाडीतली बारावी झालेली एक मुलगी मदतनीस म्हणून बसवणं शक्य नाही असं कुणी म्हणू शकेल का? वेल्ह्या-भोरच्या मुलांसाठी शाळा वेल्ह्या-भोरलाच काढणं अशक्य आहे का?

सरकारचं सरकार बघेल. त्याच्या मागे लागलंच पाहिजे. पण एक गोष्ट तुमच्या हातात लवकरच येणार आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कातकरी पावणेतीन लाखांहून जास्त होते. आता २०२७ ची जनगणना होते आहे, आणि घरोघर जाणारे प्रगणक बहुतेक शिक्षक असतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर कात्रजच्या मागच्या वस्त्यांत, बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्यांत, घाटाखालच्या वीटभट्ट्यांवर तुम्ही जाल. फॉर्ममध्ये मातृभाषेचा रकाना आहे. समोरचा माणूस तुमच्याशी मराठीत बोलेल, कारण तो बाहेरच्यांशी तसंच बोलायला शिकला आहे. त्याच्या मराठीवरून रकाना भरू नका. घरात काय बोलता, आजीशी काय बोलायचात, असं विचारा. तो आधी 'मराठीच' म्हणेल. पुन्हा विचारा. तो जे नाव सांगेल तेच लिहा.